लोखंडी खोलीतलं पाणी

घाट चढून गेल्यावर नौदलाचा तळ आहे, हे ऐकून मला हसूच आलं होतं. आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून, आम्ही मिठागरातली माणसं, आणि पोराला जहाज शिकायला डोंगरावर धाडायचं! पण पोरगा गेला आणि माझं हसू पळालं. नव्वदीतली गोष्ट ही. शिक्षण संपत आलं तेव्हा तिथे आईबापांना बोलावलं होतं. मी आणि आमचे हे एसटीने गेलो.

एक साहेब सगळ्यांना फिरवत होते. इंग्रजांच्या वेळी, लढाईच्या दिवसांत हा तळ झाला म्हणाले. आधी नुसत्या पत्र्याच्या बराकी, त्यात जहाजांची इंजिनं आणून पोरांना शिकवायचे. मला मेलीला त्यातलं काय कळणार? मी आपली पोराला शोधत होते.

तो दिसला तो एका लोखंडी खोलीत. जहाजाच्या पोटात असते ना, तशीच खोली जमिनीवर बांधलेली. आम्ही वरून, जाळीतून बघायचं. जहाजाला भोक पडलं तर ते कसं बुजवायचं, त्याचा सराव होता. पाणी सोडलं, आणि भिंतीतल्या भोकांतून ते असं अंगावर आलं की पोरं धडपडली. हातात लाकडी पाचरी, हातोडे, नुसती आरडाओरड. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. मी ह्यांचा हात घट्ट धरला.

"अवो, थांबवायला सांगा ना त्यांना!"

"अगो, गप. शिकवतान ते," हे म्हणाले खरे, पण माझा हात ह्यांनीही सोडला नाही.

तेवढ्यात खालच्या भोकात ठोकलेली एक पाचर निसटली. आमच्या पोराने काय करावं? सरळ वळला, भोकाला पाठ लावली आणि बसला! आमच्याकडे भरतीला बांध फुटला की एक माणूस असाच त्या फटीत पाठ लावून बसतो, आणि बाकीचे त्याच्याभोवती चिखल लिंपतात. बापानेच शिकवलेलं. पण तिथे चिखल कुठला? पोरगा बसला तो पाण्याखालीच गेला. डोकं दिसेना.

मी किंचाळले. शिट्टी वाजली, पाणी बंद झालं, दोघांनी त्याला काखेत धरून वर ओढलं. खोकत होता.

"पीठ नहीं, लकड़ी! मरना है क्या?" शिकवणारा गरजला.

नंतर भेटला तेव्हा शर्ट चढवत होता, पाठीवर हा एवढा लाल वळ.

"आये, काय बोंबललीस! पोरं चिडवतान मला."

"घरी चल. नवीन पनवेलात कायतरी काम बघू."

"अगो, इथं बटन हाय. दाबला की पानी बंद."

"आनि दर्यात?"

ह्यांनी त्याचा शर्ट वर केला, वळावर हात ठेवला.

"पुन्ना पाठ लावू नको," म्हणाले. "मी शिकवलेला विसर."

ह्यांच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. माझी भीती ही बाईमाणसाची भीती, असं तोवर मी स्वतःला समजावत होते. आता ते समजावणंही संपलं. पोरगा मग पाचर कशी धरायची, घाव कुठे घालायचा, ते बापाला रिकाम्या हातांनी दाखवू लागला. एसटी येईपर्यंत दाखवत होता. आणि मी डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघत होते, बरोबर धरतोय ना.