धाकूच्या नावाची खाट

कमोडच्या खुर्चीवर आपल्या वडिलांचं नाव घालायला कोणी तयार होत नाही, ही शेवंतीकाकींची जुनी अडचण. व्हीलचेअर म्हटली की देणगीदार हौसेने पुढे येतात, खाटेलाही नाही म्हणत नाहीत. कमोड म्हटलं की सगळे गप्प. "अरे, पण सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते ना!" काकी कळवळून सांगतात.

मुलुंड पूर्वेला त्यांच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची एक खोली आहे. कोकणातून गिरणीत आलेल्यांनी वर्गणी काढून घेतलेली. आता तिथे वॉकर, कुबड्या, खाटा असं आजारी माणसांना लागणारं सामान असतं, आणि किल्ली काकींकडे. त्यांचे यजमान शेवटचे चार महिने मंडळाच्याच खाटेवर होते. ती परत करायला काकी गेल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. कुणाच्याही तेराव्याला जेवणं आटोपली की मुलाला हळूच बाजूला घेतात. "फोटो मोठा करतोयस ना, कर. पण बापाच्या नावाने एखादी वस्तू दे. कुणाच्या तरी कामाला येईल."

धाकू मेस्त्रींच्या राजेशने अशीच खाट दिली होती. लोखंडी, हँडल फिरवलं की पाठ उचलणारी. उशाकडच्या फळीवर ठळक अक्षरांत 'कै. धाकू लक्ष्मण मेस्त्री यांच्या स्मरणार्थ'. राजेशने एकच मागितलं होतं, "काकी, नाव कधी झाकू नका हं." काकींनी शब्द दिला होता. दर पुण्यतिथीला खाट ज्या घरी असेल तिथे तो फळं घेऊन जायचा.

त्या सोमवारी काशीराम परबांना रुग्णालयातून घरी सोडलं. खुब्याचं हाड मोडलेलं, खाली निजवणं अशक्य. सून मानसीचा फोन आला तेव्हा मंडळाची दुसरी खाट भांडुपला होती. काकींनी धाकूंची खाट टेम्पोत चढवली आणि घाईत एक गोष्ट विसरल्या, जी सगळ्या मंडळाला ठाऊक होती. मंडळाच्या मदतीसाठी बसवलेल्या एका नाटकात काशीराम आणि धाकू, दोघांनाही राजा व्हायचं होतं. राजा झाला धाकू. प्रधान झालेल्या काशीरामने भर प्रयोगात त्याला मुजरा करायचं नाकारलं. तेव्हापासून धाकू जाईपर्यंत दोघे बोलले नव्हते.

स्ट्रेचर दारातून आत आलं. काशीरामने मान वळवून फळी वाचली.

"शेवंते, ह्या काय? मी तेच्या नावाखाली निजाचंय नाय. जमिनीर घाल माका!"

"बाबा, वरून चादर टाकते ना मी," मानसी म्हणाली.

"चादर टाकलंस तरी खाली कोण तो माका म्हायत आसा."

"आणि नाव झाकायचं नाही," काकी म्हणाल्या. "शब्द दिलाय मी."

"काकी, लवकर काय ते ठरवा ना," ॲम्ब्युलन्सवाला वैतागला. "मला पुढची केस आहे."

काकींनी खाटेकडे पाहिलं. दोन्ही टोकांच्या फळ्या एकाच मापाच्या, बोल्टांवर बसवलेल्या. "काशीरामदादा, उशाशी नको, तर पायथ्याशी लावू?"

म्हाताऱ्याने विचार केला. चेहरा हळूहळू उजळला. "म्हंजे पाय तेच्याकडे?"

"हो."

"मगे लाव."

काकींनी शेजाऱ्यांकडून पाना आणून फळ्या बदलल्या. म्हातारा खाटेवर निजला, खुशीत. घरी आल्यावर काकींना आठवलं, गुरुवारी धाकूंची पुण्यतिथी. राजेश येणार, आणि बापाच्या नावाकडे काशीरामचे पाय बघणार. फळी परत फिरवायची तर म्हाताऱ्याला उचलावं लागेल, आणि डॉक्टरांनी हलवायला बजावून नाही म्हटलेलं. तीन रात्री काकींना धड झोप लागली नाही.

गुरुवारी त्या मुद्दाम राजेशबरोबरच गेल्या. जिना चढताना दोनदा तोंड उघडलं, पण सांगवेना. दार मानसीने उघडलं. "या ना. बाबा सोमवारपासून त्या फळीशी भांडतायत, काकी. सकाळी डोळे उघडले की सुरू. पण जेवतात हं पोटभर."

राजेश खाटेपाशी थांबला. आधी नाव, मग त्याच्यापुढचे ते दोन सुकलेले, भेगाळलेले पाय.

"माझी चूक आहे रे," काकी म्हणाल्या. "दुसरा मार्गच नव्हता. रागवायचं तर माझ्यावर रागव."

"तिका कित्या बोलतंस?" काशीराम अंथरुणावरून खेकसला, जणू राजेश काही बोललाच होता. "मीच लावूक सांगलंय. तुझो बापूस समोर बसलोहा. रोज शिव्या देतंय तेका. एक उत्तर देणा नाय मेलो."

"ते घरीही असेच होते, काका," राजेश म्हणाला. "रागावले की गप्प."

"म्हायत आसा माका." म्हाताऱ्याने फळीकडे पाहिलं. मग नजर न हलवता म्हणाला, "बरो राजा दिसलो होतो मेलो."

काकी हळूच म्हणाल्या, "राजेश, हे बरे झाले की फळी मी स्वतः फिरवून घेईन."

"राहू दे ना, काकी. उशाशी असताना पेशंटला कधी दिसतच नव्हतं." त्याने फळांची पिशवी मानसीच्या हातात दिली.

"रे राजेश," काशीराम कुरकुरला, "ती चादर घाल माझ्या पायांर. तो बघता."

राजेशने घडी उलगडली, वाकून दोन्ही पाय झाकले आणि कडा नीट आत खोचल्या.