कुसुमताईंची कर्दळ

झाडं लावणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. झाडं स्वतः बोलत नाहीत आणि माणसं गप्प बसत नाहीत, दुसरं काय! आमच्या अमरावतीच्या बागवाल्या कंपूत रविवारी चहाला कोणी एक किस्सा काढला, की त्याच्या मागून दुसरा येतोच. पूर्वी हसून पुरेवाट व्हायची. हल्ली किस्सा संपला की सगळे कपात बघत बसतात.

कंपू म्हणजे आम्ही मोजकेच. मी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. वकीलसाहेब. कापडदुकानवाले रफिकभाई. आणि प्रोफेसर, जे शेतकी कॉलेजात झाडांचे रोग शिकवायचे आणि चेहराही तसाच ठेवायचे. नियम एकच. ज्याच्या घरी रविवार, त्याच्या बागेतून कोणी रिकाम्या हातानं जायचं नाही. फांदी न्या, गड्डा न्या, पण न्या!

*

वकीलसाहेबांच्या बायको कुसुमताई हिवरखेडच्या. माहेराहून त्यांनी लाल कर्दळ आणली होती. नर्सरीत मिळते तशी बुटकी नाही. पुरुषभर उंच, पानं केळीसारखी, आणि फुलं अशी लाल, की रस्त्यावरून जाणारा सायकल थांबवायचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चहाच्या गाळण्या वाटायच्या. कुसुमताई वाटायच्या कर्दळीचा गड्डा! ओल्या मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. आम्ही रेशमी साड्या सांभाळत, चिखल गळणारी ती पुडी घेऊन घरी यायचो.

एका वर्षी तेल्हाऱ्याची एक नवी सून आली होती. तिनंही पुडी नेली. पावसाळ्यानंतर कुसुमताईंनी तिला हौसेनं विचारलं, "काय गं, फुलली का?"

पोरगी लाजून म्हणाली, "चांगली झाली होती ताई. पन शिजाले लय टाइम लागला!"

अळूचे कंद समजून तिनं भाजी केली होती. कुसुमताई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. पुढच्या संक्रांतीला तिला दोन पुड्या दिल्या. एक लावायला, एक शिजवायला.

*

कुसुमताई गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. वकीलसाहेबांना तोवर बागेतलं काही कळत नव्हतं. कोर्टातून आले की ते झोपाळ्यावर बसायचे आणि बाग परस्पर व्हायची. त्यांना शिकवायचं काम मग कंपूवर आलं. वर्गणीतून घेतलेली एक भारी जपानी कात्री आमच्याकडे होती. ज्याच्या घरी रविवार, त्याच्याकडे ती आठवडाभर राहायची. ती घेऊन वकीलसाहेब कर्दळीची वाळकी पानं कापायचे, कोटाचं बटण लावावं तसं जपून.

वर्षभरानं कर्दळीच्या पानांवर पिवळे पट्टे उमटले. शिरांच्या कडेकडेनं, बारीक, लांब.

रफिकभाई खुर्चीतून उठलेच. "वकीलसाब, ये तो बनारसी हो गयी!"

खरंच सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू? फुलांच्या प्रदर्शनात कुंडी नेली, तर परीक्षकानं नवी जात म्हणून पहिलं बक्षीस दिलं. जातीचं नाव काय लिहायचं, असं विचारलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "कुसुम." स्टेजवरून उतरताना मला म्हणाले, "जन्मभर तिले काही दिलं नाई मॅडम. नाव तरी दिलं."

त्या रविवारी त्यांच्या अंगणात रांग लागली. 'कुसुम'चा गड्डा प्रत्येकाला हवा होता. मीही नेला.

*

प्रोफेसर तेव्हा मुलाकडे बंगलोरला होते. आल्या आल्या वकीलसाहेबांनी त्यांना अंगणात नेलं आणि कौतुकानं पान पुढे धरलं. प्रोफेसरांनी पान उन्हात धरून पाहिलं. उलटं करून पाहिलं. मग विचारलं, "किती जणांकडे गेली ही?"

"सगळ्यांकडे!" आम्ही अभिमानानं सांगितलं.

"आणि कात्री एकच?"

"एकच! जपानी आहे."

प्रोफेसर झोपाळ्यावर बसले. म्हणाले, "नवी जात नाही ही. व्हायरस आहे."

वकीलसाहेबांना वाटलं, फवारा सांगतील. "औषध लिहून द्या."

"औषध नाही. उपटा आणि जाळा."

"तुमी अंदाजानं बोलून राहिले. पुरावा काय?"

प्रोफेसरांनी बोटानं पुरावा दाखवला. शेवटची दोन फुलं अर्धीच उमलून काळी पडली होती. कुठल्या तरी नर्सरीच्या रोपावरून रोग आला असणार, म्हणाले. मग कात्रीच्या पात्याला, हातांना लागलेल्या रसातून या घरातून त्या घरात, आणि उरलासुरला गड्ड्यांतून.

शेवटी वकीलसाहेबांची चाळीस वर्षांची वकिली कामाला आली. "अपील कुठे करता येते?"

प्रोफेसर म्हणाले, "इथं अपील नसते, वकीलसाहेब."

*

त्यानंतर रफिकभाईंनी फाटकावर सॅनिटायझरची बाटली टांगली. गुलाबाची कैची ते ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवू लागले. पाहुण्याला चहा मिळायचा, पण पानाला हात लावू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, "रफिकभाई, कोरोना जाऊन किती दिवस झाले!"

"आदमी का गया मॅडम. पत्तों का अब आया."

हसले मी. घरी येऊन माझी जुनी, आता पट्टे आलेली कर्दळ उपटली तेव्हा मात्र हसू आलं नाही. वीस वर्षांपूर्वीचं वाण होतं ते. कुसुमताईंनी स्वतः माझ्या हातात दिलेलं. गड्डे ओले असल्यामुळे पेटतही नव्हते, नुसते धुपत होते.

*

वकीलसाहेबांची कर्दळ उपटायला रफिकभाई आणि मी गेलो. ते पायरीवर बसले. रफिकभाई घमेल्यात गड्डा टाकताना दर वेळी पुटपुटायचे, "माफ करना भाभी." वाफा साफ केला, माती चाळली, हात साबणानं धुतले.

पंधरा दिवसांनी वकीलसाहेबांचा फोन आला. आवाजात आनंद होता. "मॅडम, कोंब आला! लवकर या!"

गेलो. मातीत राहिलेल्या एखाद्या तुकड्यातून कोंब वर आला होता. पान अजून गुंडाळलेलंच होतं, आणि त्या गुंडाळीवर पिवळी रेघ स्पष्ट दिसत होती.

रफिकभाईंनी तो उपटला. पुन्हा आला. पुन्हा उपटला. तिसऱ्या वेळी वकीलसाहेब म्हणाले, "तिले जायचंच नाई आहे. अन् तुमी तिले ठेवून नाई राहिले." त्या दिवशी चहा तसाच थंड झाला.

*

मग त्यांनी हट्ट धरला. कुसुमनं गावोगाव वाटली, एक तरी निरोगी असेलच! आजाराच्या आधी नेलेली, कात्री न लागलेली. ती आणायची.

फोन सुरू झाले. भातकुलीच्या एका मास्तरणीकडे जुनी कर्दळ होती, पण बाईंनी तिच्या शेजारीच बक्षीसवाली 'कुसुम' लावली होती आणि दोन्ही एकाच विळ्यानं छाटली होती. तेल्हाऱ्याच्या त्या सुनेला वकीलसाहेबांनी मोठ्या आशेनं फोन केला. ती आता दोन मुलांची आई. म्हणाली, "लावली होती काका, दुसरीवाली. पन घर बांधाले काढलं ना, तवा गेली."

"अन् पहिली?"

"पहिली तं खाल्ली होती ना जी!"

प्रोफेसर म्हणाले, "निदान तिच्यापासून रोग पसरला नाही." कोणी हसलं नाही. वकीलसाहेबांचं जेवण त्या दिवसांत निम्म्यावर आलं होतं. कपडे अंगावर लोंबायला लागले होते. मला मनापासून भीती वाटत होती.

*

राहता राहिल्या अकोल्याच्या नलिनीबाई.

नलिनीबाई म्हणजे कुसुमताईंची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका वर्गातल्या. आणि बारा-पंधरा वर्षांपूर्वी दोघींचं असं भांडण झालं, की पुन्हा एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. भांडण कशावरून झालं ते वकीलसाहेबांनाही माहीत नव्हतं. कुसुमताई वारल्याचं कळवलं, तरी बाई आल्या नाहीत. भांडणाच्या दिवसापासून आमच्यातलं कोणी त्यांच्याकडे गेलं नव्हतं. फांदी नाही, गड्डा नाही, कात्री नाही.

प्रोफेसरांनी फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "आहे माह्याकडे. या."

रफिकभाईंच्या गाडीतून आम्ही चौघं अकोल्याला गेलो. फाटकाबाहेरूनच दिसली. भिंतीच्या वर डोकं काढून उभी होती. पानं हिरवीगार, एक रेघ नाही, आणि तीच लाल फुलं. प्रोफेसरांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "निरोगी दिसते," म्हणाले, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वकीलसाहेबांनी कडीला हात घातला.

"थांबा तिथंच!" नलिनीबाई व्हरांड्यातून ओरडल्या. काठी टेकत फाटकापाशी आल्या. "सकाळी बागेत होते काय?"

"हो. कोंब आला होता, तो काढला."

"मंग आत येऊ नका."

वकीलसाहेब कधी कोणापुढे वाकले नाहीत. पण त्या दिवशी हात जोडून म्हणाले, "नलिनीबाई, एक गड्डा द्या. तिची एवढीच राहिली."

"देईन. नेऊन लावान कुठं?"

"घरीच. तिच्या वाफ्यात."

"जिथं कोंब येऊन राहिले, तिथं?"

वकीलसाहेबांनी प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसरांनी मान खाली घातली.

नलिनीबाई मागे वळून कर्दळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भांडली तं जन्मभर बोलली नाई. मी बी नाई बोलली. पन हिले पानी रोज देल्लं मी." आणि फाटक उघडलं, जेमतेम माणूस शिरेल एवढं. "या. पाहून घ्या. पन हात खिशात ठेवा, वकीलसाहेब."

वकीलसाहेबांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि आत गेले. कर्दळीपासून हातभर अंतरावर उभे राहिले. एक फूल वाऱ्यानं त्यांच्या छातीपर्यंत येत होतं आणि ते मागे सरकत होते. मग त्यांचे डोळे भरून आले. पाणी गालावरून, मिशीवरून, हनुवटीवरून शर्टवर गळत राहिलं. रफिकभाई रुमाल घेऊन पुढे झाले, तर मान हलवून त्यांना नको म्हणाले.

हात खिशातच होते.