जळक्या साखरेचा रंग

आज सुनेने पुडिंगसाठी साखर जाळली. त्या वासाने मला नांदुऱ्याच्या घरातली एक दुपार आठवली. माझी पहिली कथा छापून आली होती आणि थोरली शांताताई ती वाचत होती. त्याच सकाळी तिसऱ्या स्थळाने तिला रंगावरून नाकारलं होतं.

"कॅरॅमल रंगाची नायिका म्हंजे कशी वं?" तिने विचारलं.

"जळक्या साखरेवानी."

"म्हंजे माह्यावानीच ना?"

मी हसले. "नाई वं ताई, माही नायिका सुंदर हाय."

तिने मासिक मिटलं आणि भाकरी थापायला गेली.

ताईचं लग्न झालंच नाही. गेल्या वर्षी ती वारली, तेव्हा मला रडू आलं नाही, आजही येत नाही. शेवटपर्यंत तिने माझी प्रत्येक कथा वाचली, पण पुन्हा कधी काही विचारलं नाही.