चित्तीच्या चाकाखालची लिंबं

आधी कॉफी घ्या, मग ऐका. गोष्ट माझ्याच मूर्खपणाची आहे. आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत ती सगळ्यांना ठाऊक आहे, पण प्रत्येक जण आपापलं तिखटमीठ लावून सांगतो. म्हटलं, आपणच सांगावी. निदान तिखटमीठ तरी घरचं.

तंजावूर स्टेशनाबाहेरच्या बागेत एक छोटं वाफेचं इंजिन उभं आहे, पाहिलंत का? काळं, बुटकं, पाण्याची टाकी अंगावरच घेतलेलं. आमचे अप्पा त्याच्यावर आधी फायरमन होते, मग ड्रायव्हर झाले. स्टाफ त्याला ‘चित्ती’ म्हणायचा. तमिळमध्ये चित्ती म्हणजे धाकटी मावशी. मोठी इंजिनं मद्रासला जायची, नाव कमवायची. चित्ती यार्डात डबे जोडायची, सोडायची आणि सुगीला पापनाशमहून भाताच्या वाघिणी ओढून आणायची. घरात एखादी मावशी असते ना, जिच्यावाचून लग्न पार पडत नाही आणि जी लग्नाच्या एकाही फोटोत नसते, तशी.

मीटरगेजचे अरुंद रूळ गेले, रुंद आले. चित्ती बरीच वर्षं गवतात पडून राहिली. मग तिला चकाचक रंगवून चौथऱ्यावर चढवलं. अप्पांना ते कधी आवडलं नाही. “तोंडाला पावडर लावून बसवलेत बिचारीला,” म्हणायचे.

तर झालं काय, गेल्या वर्षी अप्पा पडले आणि खुबा मोडला. नव्वदीला टेकलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, आता चालणं विसरा. मी चाकांची खुर्ची भाड्यानं आणली. घरातल्या घरात अप्पा तिच्यात बसत, पण उंबऱ्याबाहेर जायचं नाव काढलं की मान फिरवत आणि आपल्या जुन्या तंजावुरी मराठीत म्हणत, “चालेना जाहलें की चौथऱ्यावर बसायचें. बाहेर कशाला नेतोस, प्रदर्शनाला?” महिनोन्महिने खिडकीशी बसून. बोलणं कमी, जेवण त्याहून कमी. मला भीती वाटायला लागली होती, हे सरळच सांगतो. माणूस असाच बसून बसून संपून जाईल असं वाटायचं.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे कामाच्या प्रत्येक वस्तूला गंधकुंकू लागतं. विळी, सायकल, नातीचा लॅपटॉप, काही सुटत नाही. मी खडा टाकून पाहिला, “अप्पा, यंदा चित्तीची पूजा करू या?”

अप्पांनी खिडकीकडची मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “येतों. पण एकदांच. दुसरे दिवशी खुर्ची दुकानांत परत द्यायची. कबूल?”

मी कबूल म्हणालो. म्हटलं, एकदा बाहेर तर पडू देत.

“आणि जास्ती काही नको रे. पूस, गंध लाव, पुरे.”

आता मला कुणी ‘पुरे’ म्हटलं की चेव येतो, त्याला मी काय करू? स्टेशन मास्तरांची परवानगी काढली. केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा चढवल्या, चुरमुरे-गूळ मांडला आणि शेवटी मोठ्या रुबाबात चित्तीच्या चार चाकांखाली चार लिंबं ठेवली.

इथे जरा थांबा. लिंबू का ठेवतात? पूजा झाली की गाडी पुढे घ्यायची, चाकाखाली लिंबू चिरडायचं, म्हणजे वाटेतली विघ्नं चिरडली गेली. रिक्षा, लॉरी, स्कूटर, सगळ्यांना हेच. आणि मी ते कुणाच्या चाकाखाली ठेवलं? जी कित्येक वर्षांत तसूभर हललेली नाही तिच्या. कापूर जळून संपला तरी हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अप्पांच्या आलं.

“लिंबू कोण ठेवला?”

“मीच, अप्पा.”

“मग आतां ती निघाली पाहिजे.”

मी हसलो. अप्पा हसले नाहीत.

“अख्खें लिंबू सोडून घरीं कैसें जायचें? विघ्न तसेंच राहतें. ती निघेतोंवर मी इथून हलत नाही.”

“हातानं काढून टाकतो ना.”

“हातानें काढतात होय?”

माझी बायको ललिता शेजारी उभी होती. ती फक्त म्हणाली, “मी मागत होते लोणच्याला.”

ज्या रिक्षातून आम्ही आलो होतो तिचा चालक सेल्वम पुढे झाला. “सार, ढकलून बघू या की,” तो तमिळमध्ये म्हणाला आणि स्टँडवरच्या सगळ्या रिक्षावाल्यांना हाक मारून मोकळा झाला. हमाल आले, फुलवाली आली. अप्पांनी खुर्चीत ताठ बसून तोंडानं शिटी दिली आणि आम्ही सगळे चित्तीला भिडलो. मी सर्वांत पुढे. चित्ती जागची हलली नाही. माझ्या शर्टाची शिवण मात्र काखेत सुटली.

तोवर स्टेशनभर बोभाटा झाला की जुनं इंजिन आज धावणार. पोरं आली, मोबाइल निघाले. एक कुटुंब ट्रंका, पिशव्या घेऊन आलं आणि मलाच विचारू लागलं, “पापनाशमला थांबेल का?” मी दम लागल्यामुळे नुसती मान हलवली. त्यांना ते ‘हो’ वाटलं. ते ट्रंकांवर बसून राहिले.

शेवटी स्टेशन मास्तर धावत आले. “सर, परवानगी पूजेची दिली होती. गाडी सोडायची नव्हती. आणि ती चाकं रुळांना पक्की जोडलेली आहेत हो.”

सगळ्यांनी हात काढून घेतले. मला वाटलं, आता अप्पा चिडतील. ते चित्तीकडे बघत होते.

“तिची ड्यूटी संपली रे,” ते हळू आवाजात म्हणाले. “उगाच लिंबू ठेवून लाज आणलास तिला. लिंबू फिरणाऱ्या चाकाला लागतें.”

मला गलबलून आलं. त्यांना जरा उजेडात आणायचं म्हणून आणलं होतं, आणि मीच त्यांना दाखवून दिलं की थांबलेलं ते थांबलेलंच.

तेवढ्यात अप्पांनी मान खाली घालून आपल्या खुर्चीची चाकं पाहिली. एक चाक हातानं जरा पुढेमागे फिरवून बघितलं.

“सूनबाई, तीं चारी लिंबें इकडे ठेव. ह्या चाकांखालीं.”

“पण हातानं काढायचं नाही म्हणालात,” मी म्हटलं.

“काढत नाही, बदली करतों. गाडी बंद पडली की पॅसेंजरांस दुसऱ्या गाडींत बसवतात. सर्व्हिसभर हेंच केलों.”

ललितानं लिंबं ठेवली. अप्पांनी गंधाची वाटी मागितली आणि मला जवळ बोलावलं. साठी उलटली माझी, आजवर अप्पांनी कधी डोक्यावर हात ठेवला नव्हता. मी डोळे मिटून, हात जोडून वाकलो.

“वाकूं नकोस. सरळ उभा राहा. गंध बॉयलरला लावतात.”

आणि माझ्या पोटावर, पांढऱ्या शर्टावर, तीन बोटं ओढली. सेल्वमनं उरलेली झेंडूची माळ माझ्या गळ्यात घातली. अप्पांनी शिटी दिली. मी ढकललं, लिंबं फचकन फुटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सेल्वम रिक्षा घेऊन आला तर अप्पा म्हणाले, “लिंबू चिरडून निघालेली गाडी मध्येंच उतरवत नाहीत.” म्हणजे भर उन्हात स्टेशनपासून घरापर्यंत मी, माळेसकट. जो माणूस उंबऱ्याबाहेर येत नव्हता तो बाजारातून दोन्हीकडे नमस्कार करत निघाला होता. मध्ये सिग्नलला थांबवून त्यांनी मला पाणीही पाजलं. बॉयलर कोरडा पडू द्यायचा नाही म्हणाले.

दारात पोचलो. मी पायरीवरच बसलो. श्वास जागेवर आल्यावर भीत भीत विचारलं, “अप्पा, उद्या खुर्ची परत द्यायची ना?”

“खुर्ची असूं दे,” अप्पा म्हणाले. “इंजीन बदलून मिळतें का बघ.”