प्रार्थनेतले उघडे डोळे

काल लेकीने शाळेतून कॅप्टनचा बिल्ला आणला. त्याची पिन माझ्या बोटाला टोचली आणि बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या शाळेचं मैदान आठवलं.

दहावीत मी कॅप्टन झाले आणि रांगेतली माझी जागा गेली. सगळ्या मुली समोर आणि मी एकटी त्यांच्याकडे तोंड करून उभी. पीटीच्या सरांनी बजावलं होतं, "प्रार्थनेत तू डोळे मिटायचे नाहीस. कोण उघडतं ते बघायचं." मिटलेल्या पापण्या, खोबरेल तेलाचा वास, आणि उघडे डोळे फक्त माझे. माझी जिवलग मैत्रीण सुमा तेव्हा मला नावाने हाक मारेनाशी झाली होती. मी डबा घेऊन गेले की कन्नडमधलं 'बरं' लावून म्हणायची, "सरी, कॅप्टन आल्या." मग गप्पा बंद.

एकदा प्रार्थना चालू असताना सुमाने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहत राहिली. मी तिचं नाव सरांना सांगायला हवं होतं. मी पटकन डोळे मिटून घेतले.

तेव्हा वाटलं, मैत्रिणीला वाचवलं. काल पहिल्यांदाच वाटलं, मला सोबत करायलाच तिने डोळे उघडले असावेत.

त्या दिवशी मी डोळे उघडले, तेव्हा तिने मिटले होते.