नाव सांग, पत्ता नको

माझं शेवटचं पोस्टिंग सर्व्हिस रेकॉर्डमध्ये सापडणार नाही. सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि काही वर्षांनी मुलीकडे ऑस्ट्रेलियाला आलो. ती व्हिक्टोरियातल्या डोंगरांच्या पायथ्याशी, एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. उन्हाळा संपता संपता परतायचं होतं. तेवढ्यात करोना आला, विमानं बंद झाली आणि मी तिथेच अडकलो.

त्या गावात हिमस्खलनाबद्दल लोकांना सावध करणारं एक लहानसं केंद्र होतं. कांगारूंच्या देशात अ‍ॅव्हलांच सेंटर, हे ऐकून मला आधी हसूच आलं. केंद्र चालवणारी जेनी साठीची, पूर्वी स्की पेट्रोलमध्ये, म्हणजे बर्फावरच्या गस्ती पथकात होती. भारतात बर्फ पडतो यावर तिचाही विश्वास बसेना. मी लडाखमधल्या आमच्या पोस्टचा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "शनिवारी सकाळी सात. चहा तू आण."

ड्यूटी सोपी होती. डोंगरावर जाणारी वाट जिथे सुरू होते, तिथल्या कार पार्कमध्ये टेबल मांडायचं. टेबलावर सॅनिटायझर, फावडी आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब काठ्या. वर जाणाऱ्याने छातीवरचा बीकन चालू करून माझ्यासमोरून जायचं. माझ्या हातातलं यंत्र वाजलं की ओके. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस त्याच आवाजावरून सापडतो.

त्या हिवाळ्यात स्कीच्या लिफ्ट बंद होत्या, त्यामुळे नवखे लोकही मोकळ्या डोंगरात घुसत होते. मेलबर्न बंद, भोवती पोलिसांची नाकाबंदी. आमच्या भागात फिरायला मोकळीक होती, पण अनोळखी गाडी दिसली की गावातले पडदे हलायचे. बेकरीवाल्याने मला तीनदा विचारलं, "मेलबर्नचा नाहीस ना, मेट?" मला राग आला नाही. मी स्वतः मुळातच संशयी. देवळात गेलो तरी माझं अर्धं लक्ष चपलांकडे असतं, असं बायको म्हणायची, आणि ते खरं होतं.

जेनीचा एक नियम मला पटत नव्हता. कुणाला पत्ता विचारायचा नाही. ती म्हणायची, "आपण पोलीस नाही. पत्ता विचारलास तर टेबलाकडे कोणी फिरकणार नाही." मी मान डोलावली. पण मनातून मला वाटायचं, ज्याला लपवायचंय तो न विचारताही फिरकणार नाही.

जुलैतल्या एका शनिवारी दोन मराठी मुलं आली. निखिल आणि ओंकार. दोघं पुण्याचे, जवळच वोडोंगाला नोकरीला.

"काका, तुम्ही इथे?" ओंकार हसला.

"ड्यूटी. बीकन?"

"ऑन आहेत. भाड्याने घेतलेत."

दोघं समोरून गेले. दोन आवाज. ओके. पण माझी नजर त्यांच्या गाडीवर गेली. दोघं पुढच्या सीटवरून उतरले होते, आणि धूसर झाली होती मागच्या सीटजवळची काच. आतून, माणसाच्या श्वासाने होते तशी. मी जेनीला सांगितलं. तिने खांदे उडवले. "कुत्रा असेल."

दहाच्या सुमारास आम्ही वरच्या खिंडीत होतो. केंद्रात शिकायला आलेल्या पाच जणांचा वर्ग होता, बर्फात खड्डा खणून थर दाखवत होतो. समोरच्या उतारावर एक जड, दबका आवाज झाला. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. उताराचा एक तुकडा सुटला आणि खालच्या स्नो गमच्या झाडांपर्यंत गेला.

आम्ही पोचलो तेव्हा निखिल आणि ओंकार कडेला उभे होते. कमरेपर्यंत अडकले होते, स्वतःच निघाले. जेनीने वर पाहिलं. सुळक्यावर लटकलेला बर्फाचा छज्जा अजून तसाच होता, कधीही कोसळला असता.

"किती जण होता?"

"टू," निखिल म्हणाला. "जस्ट टू."

जेनी रेडिओवर बोलली. "दोन जण, दोघं बाहेर. ओव्हर." मग आमच्याकडे वळली. "सगळे उतारावरून बाजूला. आत्ता."

ऑर्डर बरोबर होती. मी तिच्या जागी असतो तर तीच दिली असती. पण अशीच ऑर्डर मी पूर्वी एकदा ऐकली होती. लडाखमध्ये आमच्या गस्तीवर बर्फाचा कडा कोसळला. आम्ही नऊ जण होतो. नऊच्या नऊ सापडले, दोन मृत. रेडिओवर गेलं, "गणती पूर्ण, सर्च बंद." वरच्या पोस्टवरून त्सेरिंग नावाचा पोर्टर रॉकेलचा रिकामा कॅन घेऊन आमच्यामागे निघाला होता. मुलगी आजारी होती, त्याला खाली जायचं होतं. आम्ही त्याला पाहिलं नव्हतं. वरच्यांना वाटलं तो खाली पोचला, खालच्यांना वाटलं तो वरच आहे. जूनमध्ये बर्फ वितळल्यावर आधी कॅन दिसला.

"मागच्या सीटवर कोण होतं?" मी मराठीत विचारलं.

"कोणी नाही, काका." निखिल पटकन बोलला. फारच पटकन. ओंकार झाडांकडे बघत होता.

"व्हॉट्स गोइंग ऑन?" जेनी. मी तिला धूसर काचेची आठवण करून दिली, तिसरा कोणीतरी असावा म्हणालो. "तुला खात्री आहे?"

"खात्री नाही. संशय आहे."

मी ओंकारच्या समोर उभा राहिलो. "मी पोलीस नाही. नाव सांग, पत्ता नको."

"ओम्या, गप बस," निखिल म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "काका, प्लीज. माझी पीआर अडकलीय, इथे कायमचं राहायची परवानगी."

"नाव."

"तेजस," ओंकार म्हणाला आणि रडायला लागला. "मेलबर्नचा आहे, टार्निटचा. परमिट नव्हतं. टेबल टाळून झाडीतून वर आला. बीकन नाहीये त्याच्याकडे."

मला त्या क्षणी निखिलच्या कानाखाली काढावीशी वाटली. वेळ नव्हता. जेनीने वर्गातल्या एका बाईला शिट्टी देऊन छज्ज्यावर नजर ठेवायला उभं केलं. "तू आणि मी. बाकी कोणी नाही." तेजस शेवटचा कुठे दिसला ते ओंकारने हाताने दाखवलं. त्या रेषेत खाली, झाडांच्या बुंध्याशी बर्फ साचला होता. तिथे प्रोब मारायला सुरुवात केली. वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मी दोनदा पाहिलं.

जेनीची काठी मऊ जागी थांबली. फावडी चालली. आधी टोपी आली, मग चेहरा. झाडाच्या बुंध्याने तोंडापुढे थोडी पोकळी राखली होती. ओठ निळे, श्वास नाही. ते दिवस असे होते की लोक एकमेकांच्या श्वासाला भीत. जेनीने मास्क हनुवटीखाली ओढला आणि त्याच्या तोंडात स्वतःचा श्वास भरला. एकदा, दोनदा, मग मी मोजणं सोडलं. तेजस खोकला. त्या वर्षी खोकल्याने इतका आनंद आणखी कुणाला झाला नसेल.

त्याचा पाय मोडला होता. माझ्याच मुलीच्या हॉस्पिटलमध्ये त्याला नेलं. पोलीस आले, दंड झाला. निखिलला पुढे पीआर मिळाली. जेनी आणि तेजस दोघं दोन आठवडे विलगीकरणात राहिले, दोघांनाही काही झालं नाही. त्यानंतर टेबलावर एक प्रश्न वाढला: गाडीत अजून कोण आहे? पत्ता आम्ही आजही विचारत नाही.

लडाखच्या त्या पोस्टवर एक पाटी आहे. तिच्यावर नाईक महादेव आणि शिपाई बाजीराव ही दोन नावं आहेत. दोघंही माझ्या सेक्शनचे, दोघांच्या घरी मी जाऊन आलो. पोर्टर पलटणीच्या रोलवर नव्हता, म्हणून पाटीवरही नाही. त्याचं नाव त्सेरिंग. त्याच्या मुलीला जाऊन भेटावं असं फार वाटलं, पण पत्ता आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता.