काकूच्या धानापेक्षा उंच

पाच वर्षांपूर्वी, शिमग्याच्या तोंडावर, वडशाच्या एका दुकानदारानं धान वाढवायचं टॉनिक विकून माझ्या आईला फसवलं, आणि त्या टॉनिकचा आंबूस वास कुठं आला की मला आजही आमचा तो उन्हाळी धान दिसतो. थंडीनं तो खुजा राहिला होता आणि शेजारच्या बांधीत काकूनं आधी रोवलेला धान डौलात डोलत होता. "जाऊबाईचा गुडघ्याले लागला, आपलाच काऊन बसला?" आई जळायची, मीही जळायचो. दुकानदारानं ते बरोबर हेरलं. "हे हार्मोन मारा बाई, जावेच्या वर जाईल." ऊन तापलं की धान आपसूक वाढतो, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. आम्ही फवारलं आणि लगेच उन्हाचा तडाखा सुरू झाला. दोन्ही मिळून कांड्या सुतासारख्या बारीक, लांब झाल्या. धान काकूच्या वर गेला, तशी आई मुद्दाम दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून मिरवली. मग वारा सुटला आणि अख्खी बांधी चिखलात लोळली, खायपुरताही धान हाती आला नाही. काकू पलीकडून म्हणाली, "तुमचा झोपला काय जाऊबाई? आमचा उभाच हाय." तो उभा धान मला अजून खुपतो, पण दुकानदाराला जाब कोणीच विचारला नाही. तुम्ही विचारा. बाटली घेण्याआधी, चारचौघांसमोर विचारा की ऊन वाढल्यावर ह्यानं काय होईल, आणि उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.